गोव्यातील पॅरिशने हवामान बदलाचे काम गावात कसे उभारावे

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब कोसळून अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. त्याच वर्षी २३ जुलैच्या पुरात सत्तरी, डिचोली, धारबांदोडा भागांतील शेकडो घरांचे नुकसान झाले. मार्च २०२३ मध्ये उन्हाच्या काहिलीमुळे शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या आणि म्हादई अभयारण्यातील वणवे कित्येक दिवस धुमसत राहिले. यांपैकी प्रत्येक घटनेचे खापर एकट्या हवामान बदलावर फोडता येणार नाही. पण अरबी समुद्र तापत चालला आहे, थोड्या तासांत खूप पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढत आहेत आणि समुद्राची पातळी चढत आहे, हे शास्त्रज्ञ बरीच वर्षे सांगत आले आहेत.

गावात जागा, विहीर, सभागृह, शाळा, दर रविवारी एकत्र येणारी माणसे आणि त्या माणसांचा विश्वास हे सगळे एका ठिकाणी असलेल्या संस्था थोड्याच असतात. गोव्यातील कित्येक गावांत चर्च ही त्यांपैकी एक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून सृष्टीची राखण हा श्रद्धेचाच भाग असल्याचे सांगितले आणि २०२३ मध्ये ‘लाउदाते देउम’ या दुसऱ्या पत्रात हवामानाच्या संकटाबद्दल अधिक कठोर शब्दांत इशारा दिला. पहिल्या पत्रातील एक मुद्दा पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या आणि त्याला जोडलेल्या भाविकांच्या, दृष्टीने फार महत्त्वाचा आहे: सामाजिक प्रश्न एकेकट्याच्या सत्कृत्यांची बेरीज करून सुटत नाहीत, त्यांना समाजाने मिळून उत्तर द्यावे लागते.

म्हणून सुरुवातीलाच माझे मत सांगतो. पॅरिशने पोस्टर स्पर्धा किंवा रोपे हातात घेतलेल्या छायाचित्रापासून आरंभ करू नये. गावाचे पाणी, शेताचे बांध आणि चर्चचा स्वतःचा खर्च या तीन गोष्टींपासून करावा, कारण तिथे काम झाले की नाही हे एका वर्षात कोणालाही तपासता येते.

आधी माणसे आणि अधिकार ठरवावेत

पाच ते सात जणांचा गट पुरेसा असतो. त्यात पॅरिश पास्टोरल कौन्सिलचा (धर्मगुरूंना सल्ला देणाऱ्या मंडळाचा) एक सदस्य, चर्चचा जमाखर्च पाहणाऱ्या फाब्रिकेतील एक जण, शाळेची शिक्षिका, एक शेतकरी किंवा मच्छीमार, विजेचे किंवा बांधकामाचे काम जाणणारा कोणी आणि तरुणांचे दोन प्रतिनिधी असावेत. फाब्रिकेतील माणसाला वगळून केलेले गट उत्साहाने सुरू होतात आणि पहिल्या खर्चाच्या वेळी अडकतात, हे ध्यानात ठेवावे. गटाची नेमणूक धर्मगुरूंनी लेखी करावी आणि रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधील प्रार्थनाविधीनंतर) ती जाहीर करावी.

शाळेच्या बाबतीत एक बारकावा आहे. पॅरिशच्या आवारातील अनेक शाळा डायोसिसन सोसायटी ऑफ एज्युकेशन या धर्मप्रांताच्या शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापनाखाली येतात. अशा शाळेच्या छपरावर किंवा मीटरवर काही करायचे असल्यास मुख्याध्यापकांशी बोलून थांबू नये; सोसायटीची परवानगी आधीच मागावी.

ल्हान क्रिस्तांव समुदायांच्या (ख्रिस्ती कुटुंबांच्या छोट्या गटांच्या) वाड्यावाड्यांतील बैठका हे या कामाचे खरे बळ आहे. चर्चमध्ये झालेली घोषणा कानावरून जाते. वाड्यावरच्या बैठकीत मात्र कोणाची विहीर एप्रिलमध्ये आटते आणि कोणाच्या दारात पावसाचे पाणी तुंबते, हे नावानिशी कळते.

मागील बारा महिन्यांचा हिशेब काढावा

चर्च, धर्मगुरूंचे निवासस्थान, सभागृह आणि शाळा यांची विजेची बिले एकत्र करावीत आणि रुपये बाजूला ठेवून युनिट लिहावेत. पाण्याची बिले, मागवलेले टँकर, जनरेटरचे डिझेल आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवशी निघालेल्या कचऱ्याच्या पिशव्या याही नोंदवाव्यात. ही वही साधी असावी. तिच्यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही. भारताच्या ग्रिडमधील एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि गोव्याला लागणारी बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, एवढे माहीत असले की युनिटांवरून ढोबळ अंदाज बांधता येतो.

वीज: जिथे तास जास्त, तिथून सुरुवात

बहुतेक ठिकाणी पहिला विचार चर्चमधील पंखे बदलण्याचा होतो. तो चुकीचा नाही, पण चर्चचे पंखे दिवसात फार तर दोन तास चालतात. शाळेचे पंखे सहा तास चालतात. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे ३० वॅट. चाळीस पंखे बदलले, तर सहा तासांच्या शाळेत दिवसाला जवळपास ११ युनिट वाचतात आणि शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला २००० हून अधिक. त्यामुळे पहिला पैसा शाळेत आणि निवासस्थानात घालावा, चर्चमधील पंखे बिघडतील तसे बदलावेत.

सौरऊर्जेसाठी दर किलोवॅटमागे अंदाजे १०० चौरस फूट सावलीविरहित छप्पर लागते. दहा किलोवॅटचा संच गोव्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी साधारण १३ ते १४ हजार युनिट देतो, मात्र जून ते ऑगस्टमध्ये उत्पादन बरेच घटते. म्हणून वीज खात्याकडे नेट मीटरिंगचा (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीचा) अर्ज करून उन्हाळ्यातील जादा वीज ग्रिडला द्यावी. पॅनेल सभागृहाच्या किंवा शाळेच्या छपरावर बसवावेत. जुन्या चर्चच्या कौलारू छपराला आणि दर्शनी भागाला हात लावू नये. लाकडी वासे तो भार पेलतीलच असे नाही आणि वारसा वास्तू असेल तर परवानगीचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरांसाठी आहे, संस्थांसाठी नाही. चर्चला ते गृहीत धरता येणार नाही. पॅरिशमधील कुटुंबांना मात्र तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत मिळू शकते. तेव्हा रविवारी मिस्सेनंतर सभागृहात एक टेबल मांडून, अर्ज भरता येणाऱ्या दोन तरुणांना तिथे बसवणे हे चर्चच्या स्वतःच्या पॅनेलइतकेच उपयोगी काम आहे.

पाणी: छपरापासून विहिरीपर्यंत

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत गावोगावी टँकर फिरतात. सभागृहाचे छप्पर २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असेल, तर त्यावर मोसमात ७ लाख लिटरहून अधिक पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी पावणेसहा लाख लिटर हाती राहते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने हे पन्नासहून अधिक टँकर होतात, आणि आज ते पागोळ्यांतून रस्त्यावर जाते.

कामाचा क्रम असा ठेवावा. फेब्रुवारीत छपराच्या पन्हळी आणि खाली उतरणारे पाइप तपासावेत. मार्च-एप्रिलमध्ये विहिरीपासून काही अंतरावर शोषखड्डा खणून त्यात मोठी खडी, बारीक खडी आणि वाळू असे थर भरावेत. पन्हळीतून येणारे पाणी आधी या खड्ड्यात यावे आणि जमिनीतून झिरपत विहिरीकडे जावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी, ज्यात वर्षभराची धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा असते, बाहेर सोडून देता येईल अशी एक तोटी पाइपला जरूर ठेवावी. छपराचे पाणी थेट पिण्याच्या विहिरीत सोडण्याचा मोह टाळावा. आपला चिरा (जांभा दगड) सच्छिद्र असल्याने पाणी झपाट्याने मुरते, पण त्याच वेगाने घाणही मुरते. जवळ सेप्टिक टँक असेल तर जागा बदलावी.

किनाऱ्यालगतच्या आणि नदीकाठच्या पॅरिशमध्ये आणखी एक सवय लावून घ्यावी. काही शे रुपयांत मिळणाऱ्या टीडीएस मीटरने दर मे महिन्यात वाड्यावरच्या ठरावीक विहिरींचे पाणी मोजावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. एखाद्या विहिरीचा आकडा वर्षागणिक चढू लागला, तर खारे पाणी आत सरकत असल्याचा संशय घेऊन जलस्रोत खात्याला कळवता येते, आणि तेव्हा आपल्या हाती तक्रारीबरोबर वही असते.

या कामाला गोव्याच्या पंचांगात मुहूर्त आधीच आहे. २४ जूनला सांजावच्या (संत जॉन बाप्टिस्टच्या सणाच्या) दिवशी डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून तरुण विहिरींत उड्या मारतात. त्याआधीच्या पंधरवड्यात गटाने विहिरींचे कठडे पाहावेत, गाळ आणि कचरा काढावा आणि कोणत्या विहिरी उड्यांसाठी सुरक्षित आहेत हे ठरवावे. सणाच्या निमित्ताने जे काम दहा घरे एकत्र येऊन आनंदाने करतात, त्यासाठी एरवी पत्रके वाटूनही माणसे जमत नाहीत.

खाजन आणि बांध: गोव्यातील पॅरिशचे सर्वांत मोठे काम

गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. खाडीच्या भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही शेते समुद्रसपाटीच्या अगदी जवळ, काही ठिकाणी भरतीच्या रेषेखाली आहेत. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव यांसारख्या बेटांवर तर गावाचे सारे जगणे या बांधांवर उभे आहे. समुद्राची पातळी वाढणे म्हणजे काय, हे तिथे समजावून सांगावे लागत नाही. बांध फुटला की एका भरतीत शेतात खारे पाणी भरते आणि पुढचे हंगाम वाया जातात.

पॅरिशने बांधाची मालकी घेऊ नये. तो अधिकार कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी पारंपरिक संस्था) आणि कुळांच्या संघटनांचा आहे. पॅरिशने नजर ठेवावी, माणसे जमवावीत आणि कागदपत्रे पुढे सरकवावीत. पाहणी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला करावी, कारण त्या वेळी बांधावरचा दाब सर्वांत जास्त असतो. बांधाच्या माथ्यावरून चालताना नजर आतल्या पायथ्याकडे असावी. तिथे कोरड्या मोसमात ओल दिसली, मातीतून पाण्याचा बारीक झरा वाहताना आढळला किंवा खेकड्यांची आणि उंदरांची बिळे एका रांगेत दिसली, तर ती जागा खूण करून छायाचित्रासह नोंदवावी. त्यानंतर मानशीकडे, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराकडे, जावे. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. दार मिटलेले असताना फळ्यांच्या फटींतून हाताच्या बोटाएवढी धार आत येत असेल, तर ती किरकोळ समजू नये. रोज दोन भरत्या धरल्या तर त्या धारेचे एका मोसमात किती पाणी होते, याचा विचार करावा. मासळीसाठी भरतीला मानस उघडी ठेवली जात असेल, तर तो वाद चर्चच्या व्यासपीठावरून न मांडता शेतकरी आणि मानशीचा ठेका घेणारा यांना एकत्र बसवून सोडवावा. या कामात धर्मगुरूंचा शब्द जेवढा उपयोगी पडतो तेवढा दुसऱ्या कशात क्वचितच पडत असेल.

विलंब मात्र करू नये. शेत सलग काही वर्षे खाऱ्या पाण्याखाली राहिले की तिथे खारफुटी रुजते. खारफुटी स्वतः किनाऱ्याची रक्षक आहे आणि तिच्या तोडीवर कायदेशीर बंधने आहेत, त्यामुळे नंतर तेच शेत पुन्हा भाताखाली आणणे जवळपास अशक्य होते. बांधाच्या बाहेरच्या बाजूची खारफुटी जपावी आणि आतल्या बाजूची गळती पहिल्याच वर्षी बंद करून घ्यावी, असा साधा नियम पाळावा. दुरुस्तीसाठी कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात संघटनेच्या नावाने अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पावसाळ्यापूर्वी काम व्हायचे असेल तर तो दिवाळीनंतर लगेच द्यावा.

पडीक शेत पुन्हा कसणे हाही याच कामाचा भाग आहे. मालक परदेशात, कूळ म्हातारे, मजुरी महाग, अशी कारणे सगळीकडे सारखीच ऐकू येतात. एकेका तुकड्याची नांगरणी परवडत नाही, पण सलग वीस-पंचवीस तुकड्यांचे मालक एकत्र आले तर यंत्राने लावणी आणि कापणी करता येते. खाजनात मीठ सोसणारे कोरगुट भात लावावे. ते उंच वाढते आणि खारेपण सहन करते. राय येथे ५ ऑगस्टला आणि ताळगाव येथे २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त (नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा सण) साजरे होते. ज्या पॅरिशमध्ये हे फेस्त आहे, तिथे आशीर्वादासाठी येणारी कणसे आपल्याच गावच्या शेतातली असावीत असा आग्रह धरला, तरी पडीक शेताची चर्चा आपोआप सुरू होते. बांधाच्या एका बाजूला खुरीस (क्रूस) आणि दुसऱ्या बाजूला देवचाराचे (गावाच्या राखणदार दैवताचे) स्थान असलेली गावे गोव्यात पुष्कळ आहेत. कुळांच्या यादीत दोन्ही धर्मांची नावे असतात, तेव्हा बैठक चर्चच्या सभागृहात न घेता मानशीवर किंवा पंचायत घरात घ्यावी.

फेस्त, लग्न आणि दफनभूमी

थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे चमचे, पेले आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे येथे पॅरिशला नियम नव्याने करायचा नाही, पाळायचा आहे. चर्चने स्टीलची दोनशे-तीनशे ताटे आणि पेले एकदाच विकत घेऊन सभागृहाच्या भाड्यातच समाविष्ट करावेत. भाड्याच्या करारात ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची अट घालावी आणि अनामत रक्कम त्याच्याशी जोडावी.

दफनभूमीचा विषय सहसा कोणी काढत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम काढतो. मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, कबरींवर हार, पुष्पचक्रे आणि मेणबत्त्या चढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेल्यास झेंडूच्या पाकळ्यांबरोबर प्लास्टिकची फुले, चंदेरी कागद, नायलॉनची रिबन आणि मेणबत्त्यांचे प्लास्टिकचे पेले यांचा ढीग दिसतो. हा ढीग पुष्कळदा भिंतीपाशी जाळला जातो. मृतांच्या आप्तांच्या भावना सांभाळूनच याबद्दल बोलावे लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून सलग चार रविवार सौम्य शब्दांत विनंती करावी, प्रवेशद्वाराजवळ ताज्या फुलांची आणि मातीच्या पणत्यांची विक्री महिला गटाकडे द्यावी आणि आत तीन पिंपे ठेवावीत: फुले, मेण आणि बाकीचे. फुलांचे खत त्याच आवारात करता येते, उरलेले मेण पुन्हा वितळवता येते.

झाडे

कमी लावावीत आणि जगवावीत. फणस, जांभूळ, भिरंड (कोकम), करंज आणि किनाऱ्याजवळ उंडी व भेंड ही आपल्या मातीची झाडे निवडावीत. झटपट वाढते म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नये. प्रत्येक रोपाला एका घराचे नाव जोडावे आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे लावण्याआधी ठरवावे. हे ठरत नसेल तर रोप लावू नये.

वादळ आणि उन्हाळा यांची तयारी

गोव्याच्या गावांत मोठ्या घरात एकटे राहणारे आईवडील आणि परदेशात असलेली मुले हे चित्र सर्वत्र आहे. प्रत्येक वाड्याने अशा वृद्धांची, खाटेवर असलेल्या रुग्णांची आणि ऑक्सिजन यंत्र किंवा इन्सुलिन लागणाऱ्यांची यादी मे महिन्यापूर्वी तयार करावी. यादी खासगी ठेवावी. ती धर्मगुरू, वाड्याचा प्रमुख आणि पंच यांच्याकडेच असावी. वादळाचा इशारा आल्यावर आणि ते ओसरल्यावर कोणत्या घरी कोण जाणार, हे नावानिशी ठरलेले असावे. यादीत ख्रिस्ती घरांपुरते थांबू नये. शेजारचे हिंदू आणि मुस्लिम वृद्ध आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी परप्रांतीय मजुरांची कुटुंबे हीही त्यात असावीत, कारण पत्र्याची खोली सर्वांत आधी उडते आणि सर्वांत जास्त तापते.

सभागृहात मोबाइल चार्ज करण्याची सोय, पिण्याच्या पाण्याची टाकी, दोन-चार चटया आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. सौर संच बसवताना बॅटरीचा छोटा भाग जोडून घ्यावा, कारण ग्रिड बंद पडला की साधा नेट मीटरिंगचा संचही बंद होतो. मार्च ते मे या काळात दुपारची अंत्ययात्रा आणि मुलांची धर्मशिक्षणाची वर्गवेळ सकाळी किंवा संध्याकाळी हलवावी.

ग्रामसभेत पॅरिशचे स्थान

डोंगरउतार कापणे, शेतात भराव टाकणे, ओहोळ बुजवणे यांचे निर्णय चर्चमध्ये होत नाहीत. गोव्यात नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांतील रविवारी होतात. तेव्हा त्या रविवारी पॅरिशचा कोणताही कार्यक्रम ठेवू नये आणि मिस्सेच्या शेवटी ग्रामसभेची वेळ व विषयपत्रिका वाचून दाखवावी. जमिनीच्या क्षेत्रबदलाच्या नोटिसा वर्तमानपत्रांत आणि राजपत्रात येतात. गटातील एकाने त्या नियमितपणे वाचाव्यात आणि मुदतीच्या आत हरकत नोंदवावी. झाड तोडले जात असल्यास १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालील परवानगी आहे का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पंचायतीच्या जैवविविधता समितीत पॅरिशमधील एखादा जाणकार शेतकरी किंवा मच्छीमार असावा यासाठी प्रयत्न करावेत. व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाचे वा उमेदवाराचे नाव घेऊ नये; एकदा ते घेतले की बांधावर येणारी निम्मी माणसे येईनाशी होतात.

वर्षाची मांडणी आणि हस्तांतरण

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरातील ख्रिस्ती समाज सृष्टीचा ऋतू म्हणून पाळतो. त्याची सांगता होते ती पर्यावरणाचे आश्रयदाते संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाला. गोव्यात त्याच सुमारास पाऊस ओसरतो, त्यामुळे वर्षाचा ताळेबंद मांडण्यासाठी हा काळ सोयीचा आहे. पहिल्या रविवारी गेल्या वर्षीचे युनिट, टँकर, विहिरींचे आकडे आणि दुरुस्त झालेले बांध सूचना फलकावर लावावेत. जे झाले नाही तेही तिथेच लिहावे. ‘लाउदातो सी’ कृतिमंचावर पॅरिशची नोंदणी करता येते आणि त्याची सात उद्दिष्टे आराखड्यासाठी उपयोगी आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांतील दोनच निवडावीत.

धर्मगुरूंच्या बदल्या ठरावीक वर्षांनी होतात आणि पुष्कळ चांगली कामे तिथेच थांबतात. यासाठी गटाने एक फाइल फाब्रिकेच्या कपाटात ठेवावी. तिच्यात नेट मीटरिंगचा करार, पॅनेलची वॉरंटी, शोषखड्ड्यांचा नकाशा, विहिरींची वही, कृषी खात्याकडील अर्जांच्या पोचपावत्या आणि सभागृहाच्या भाड्याचा नमुना असावा. वृद्धांची यादी मात्र या फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या लिफाफ्यात द्यावी. नवे फादर रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात गटाने ही फाइल घेऊन त्यांच्याबरोबर बसावे आणि पुढच्या उधाणाच्या भरतीला त्यांना बांधावर घेऊन जावे.